निर्गुडीच्या बाष्पनशील तेलाची वेदना आणि सूज यांवरील चाचणी: आराखड्याबद्दल मार्गदर्शन हवे आहे

रावपुऱ्याची रेवा

नमस्कार. मी वडोदऱ्यात औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. निर्गुडीच्या पानांचे बाष्पनशील तेल, म्हणजे ज्याला बाजारात इसेन्शियल ऑइल म्हणतात ते, काढून त्याचा वेदनाशामक आणि सूजरोधक गुण तपासावा, असा प्रबंधाचा विषय मी धरला आहे. आमच्या घरात निर्गुडी नवी नाही. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात तिचा पाला उकळतात, आजीचे गुडघे धरले की त्याच पाण्याचा शेक देतात, आणि कंबरेत उसण भरली तर पानांना एरंडेलाचे बोट लावून ती तव्यावर गरम करून बांधतात. प्रयोगशाळेतील माझे गुजराती सहकारी जिला नगोड म्हणतात ती हीच. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून शेताच्या कुंपणाला ती लावलेली असते आणि शहराबाहेर थोडे गेले की हवी तेवढी मिळते.

माझा आराखडा असा आहे. वाळलेल्या पानांचे क्लेव्हेंजर उपकरणात ऊर्ध्वपातन करून तेल मिळवायचे आणि त्याचे घटक जीसी-एमएस, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ आणि वस्तुमान-वर्णपटमापक जोडलेल्या यंत्रावर, ओळखायचे. प्राथमिक चाचणी म्हणून अंड्यातील अल्ब्युमिनच्या विकृतीकरणाची चाचणी करायची. नंतर उंदरांवर अॅसिटिक आम्लाने होणाऱ्या पोटातील मुरड्यांची चाचणी आणि तप्त पट्टीची चाचणी, तर मोठ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, कॅरॅजिनन या समुद्री शेवाळातील द्रव्याने पंजाला आणलेल्या सुजेची चाचणी करायची. मात्रा किलोमागे ५०, १०० आणि २०० मिलिग्रॅम, तोंडावाटे. तुलनेसाठी सर्व चाचण्यांत डायक्लोफिनॅक हे रूढ वेदनाशामक.

प्राणी नीतिशास्त्र समितीकडे अर्ज करण्यापूर्वी मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्या चाचण्या पुरेशा आहेत का? आणि निष्कर्ष अनुकूल आले, तर निर्गुडीच्या पारंपरिक वापराला शास्त्रीय आधार मिळाला, असे प्रबंधाच्या शेवटी लिहिता येईल का?

निवृत्त औषधशास्त्री

रेवाताई, आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर ठरल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. उत्तर असे की, नाही, तसे लिहिता येणार नाही, आणि ते निष्कर्ष कसे येतील यावर अवलंबून नाही. आपल्या घरी पाला पातेल्यात उकळतात. पातेल्यावर झाकण नसेल, तर आपण क्लेव्हेंजरमध्ये जो भाग जपून गोळा करणार आहात तोच भाग तेथे वाफेबरोबर स्वयंपाकघरात उडून जातो, आणि पाण्यात उरतो तो न उडणारा भाग: निगुंडोसाइड आणि अॅग्नुसाइडसारखे इरिडॉइड ग्लायकोसाइड, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन. हे घटक ऊर्ध्वपातनात तेलासोबत येत नाहीत. म्हणजे आजी जे वापरतात आणि आपण जे मोजणार आहात, ती एकाच झाडाची दोन वेगळी द्रव्ये आहेत. श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ मध्ये निर्गुडीच्या ताज्या, जून पानांच्या जलीय अर्काचे वेदनाशामक आणि सूजरोधक परिणाम रॅटमध्ये दाखवले होते. परंपरेच्या जवळ जाणारा पुरावा तो आहे. आपले तेल गुणकारी ठरले तर ते तेल गुणकारी ठरेल, आणि ठरले नाही तरी त्यामुळे आजींचा शेक खोटा ठरणार नाही.

आता चाचण्या. अल्ब्युमिनची चाचणी माझ्या मते गाळून टाकावी. आपल्याकडच्या महाविद्यालयांत ती स्वस्त आणि सोपी म्हणून फार बोकाळली आहे, परंतु प्रथिनाचा गढूळपणा ६६० नॅनोमीटरवर मोजून सांध्यातील सुजेबद्दल काही सांगता येते, हे मला कधीच पटलेले नाही. त्यातून आपले द्रव्य पाण्यात न विरघळणारे तेल. त्याचे थेंब स्वतःच गढूळपणा आणतात आणि ते पसरवण्यासाठी घातलेले ट्वीन ८० प्रथिनाच्या वागण्यात ढवळाढवळ करते. नळीत काही करायचेच असेल, तर मॅक्रोफेज पेशींना जिवाणूंच्या लिपोपॉलिसॅकराइडने चेतवून त्यांतून सुटणारे नायट्रिक ऑक्साइड मोजावे, मात्र त्याच मात्रांवर पेशी जिवंत आहेत याची एमटीटी चाचणी सोबत असलीच पाहिजे. टर्पीन, म्हणजे अशा तेलांतील मुख्य घटक, पेशींचे आवरण सहज विस्कटतात, आणि मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडत नाही म्हणून औषध लागू पडले असे समजणे हा या क्षेत्रातला नेहमीचा घोटाळा आहे.

मुरड्यांची चाचणी संवेदनशील आहे पण चोखंदळ नाही. वेदनाशामकाने मुरडे कमी होतात, तसेच स्नायू सैल करणाऱ्या आणि गुंगी आणणाऱ्या द्रव्यानेही कमी होतात, आणि बाष्पनशील तेलांतील अनेक घटक गुंगी आणतात. म्हणून त्याच मात्रा दिलेले उंदीर फिरत्या दांड्यावर, म्हणजे रोटारॉडवर, तोल सांभाळतात का हे पाहिल्याशिवाय मुरड्यांचे आकडे मी तरी वाचणार नाही. त्याऐवजी, किंवा जमल्यास त्यासोबत, फॉर्मेलिनची चाचणी घ्यावी. पंजात फॉर्मेलिन टोचल्यावर उंदीर पहिली पाच मिनिटे पंजा चाटतो, मग थोडा शांत होतो, आणि साधारण पंधराव्या मिनिटापासून तिसाव्यापर्यंत पुन्हा चाटू लागतो. पहिला टप्पा मज्जातंतूंच्या थेट चेतनेचा आहे आणि दुसऱ्यात दाहाचा वाटा मोठा असतो. मॉर्फिनसारखी औषधे दोन्ही टप्पे दाबतात, दाहशामके प्रामुख्याने दुसरा. एकाच प्राण्याकडून एवढी माहिती अन्य सोप्या चाचणीत मिळत नाही.

तप्त पट्टीवर डायक्लोफिनॅक तुलनेला ठेवू नये. ५५ अंशांवर पाय झटकण्याला लागणारा वेळ मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करणाऱ्या औषधांनी वाढतो, त्यामुळे तेथे आपले मानक औषधच निष्प्रभ दिसण्याची शक्यता आहे. ट्रॅमॅडॉल किंवा पेंटॅझोसिन लागेल आणि त्यांच्या खरेदीचे कागद वेळ खातात, हे आधीच धरून चालावे. कॅरॅजिननची पद्धत १९६२ पासून रूढ आहे आणि ती ठेवावी: एक टक्का द्रावण, ०.१ मिलिलिटर, पंजाच्या तळव्याखाली, आणि प्लेथिस्मोमीटरवर, म्हणजे पंजाचे आकारमान मोजणाऱ्या उपकरणावर, दर तासाला पाचव्या तासापर्यंत मोजणी. पहिल्या तासाची सूज हिस्टामिन आणि सेरोटोनिनची असते, तिसऱ्या तासानंतरची मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनची. तेव्हा केवळ शेवटचा आकडा न देता संपूर्ण वक्र द्यावा, कारण तेल नेमके कोठे अडवते हे त्या वक्रातच दिसते.

शेवटी मात्रेचा हिशेब, जो प्रबंधांत सहसा केलेला नसतो. रॅटमधील मात्रेला ६.२ ने भागले की माणसाची समतुल्य मात्रा अदमासे मिळते. किलोमागे २०० मिलिग्रॅम म्हणजे माणसात सुमारे ३२ मिलिग्रॅम, आणि साठ किलोच्या माणसाला जवळजवळ दोन ग्रॅम शुद्ध तेल, तेही पोटात. निर्गुडीच्या वाळलेल्या पानांतून शेकडा ०.२ तेल मिळाले असे धरले, तर एका वेळेच्या मात्रेसाठी किलोभर वाळलेला पाला लागेल. एवढा पाला कोणत्याही आजीने कोणाच्या पोटात घातलेला नाही. शिवाय बाष्पनशील तेले पोटात घेणे हा खेळ नाही. निलगिरीचे तेल काही मिलिलिटर पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत, आणि त्या तेलातील मुख्य घटक १,८-सिनिओल निर्गुडीच्या तेलातही कमी-अधिक प्रमाणात सापडतो. म्हणून तीव्र विषाक्ततेची, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ किंवा ४२५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसारची चाचणी आधी, आणि मात्रा तिच्यावरून.

नळी आणि ज्योत

वरील विवेचन प्राण्यांच्या बाजूचे झाले. मी बाटलीच्या बाजूने लिहितो, कारण माझे बहुतेक आयुष्य गॅस क्रोमॅटोग्राफसमोर गेले आहे आणि या प्रकारच्या प्रबंधांतील निम्मी भांडणे तेल बाटलीत येण्यापूर्वीच लागलेली असतात.

सर्वप्रथम झाड ओळखून घ्यावे. निर्गुडीची पाने तीन किंवा पाच दलांची असतात, खालून पांढुरकी, फुले निळसर जांभळी. परंतु याच प्रजातीतील दुसरी त्रिदल जात बागांमध्ये लावलेली आढळते आणि पाला आणून देणाऱ्या माणसाला दोन्ही सारख्याच. फुलासकट फांदी दाबून, वाळवून विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ओळख पटवून घ्यावी आणि नमुन्याचा क्रमांक प्रबंधात द्यावा. पाला एकाच ठिकाणचा, एकाच आठवड्यात तोडलेला असावा. पावसाळ्यातील कोवळा पाला आणि उन्हाळ्यातील जून पाला यांच्या तेलांत एवढा फरक पडू शकतो की ती दोन वेगळी तेले मानावी लागतील. पाला सावलीत वाळवावा. गच्चीवर उन्हात वाळवला की हलके मोनोटर्पीन आपल्याआधी उडून जातात.

तेल किती लागेल हे आताच काढा. समजा सगळ्या चाचण्यांना मिळून पाच ग्रॅम लागले. शेकडा ०.२ च्या हिशेबाने अडीच किलो वाळलेला पाला झाला, आणि आपल्या महाविद्यालयातील क्लेव्हेंजरच्या चंबूत एका वेळी शंभर-दोनशे ग्रॅम मावेल. प्रत्येक घाण्याला तीन-चार तास. पाणी आटत नाही ना, शीतकाचे पाणी कोमट होत नाही ना, हे पाहत बसावे लागते. वडोदऱ्याच्या मे महिन्यात टाकीचे पाणीच कोमट असते, तेव्हा बर्फाची सोय करावी, नाहीतर वाफ थंड न होता वरून निघून जाईल आणि उतारा कमी का आला याचा शोध झाडात घेतला जाईल. सर्व घाण्यांचे तेल एकत्र मिसळून, निर्जल सोडियम सल्फेटवर वाळवून, गडद तपकिरी कुप्यांत काठोकाठ भरून शीतपेटीत ठेवावे. अर्धी रिकामी कुपी ठेवू नये. वरच्या हवेतील ऑक्सिजनने टर्पिनांची हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि ती स्वतःच त्वचेला दाह करतात. दाहशामक म्हणून तपासण्याचे द्रव्य दाहकारक होऊन बसणे यापेक्षा वाईट काय!

जीसी-एमएस हे एकत्र केलेल्या तेलाचे करावे, पहिल्या घाण्याचे नव्हे, आणि प्राण्यांवरील काम संपल्यावर उरलेल्या तेलाचे पुन्हा करावे. संगणकातील ग्रंथालयाने ९० टक्के जुळणी दाखवली म्हणून नाव लिहून मोकळे होऊ नये. सेस्क्विटर्पिनांचे वस्तुमान-वर्णपट एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की केवळ त्यांवरून ओळख पटत नाही; त्याच स्तंभावर सरळ साखळीच्या अल्केनांची मालिका चालवून धारणा निर्देशांक काढावा आणि तो प्रसिद्ध आकड्यांशी ताडून पाहावा. प्रमाणे द्यायची तर ज्वाला-आयनीभवन शोधकावरून द्यावीत. निर्गुडीत साधारणपणे सॅबिनीन, टर्पिनेन-४-ऑल, बीटा-कॅरिओफायलीन, व्हिरिडिफ्लोरॉल ही मंडळी भेटतात, पण कोण पुढे आणि कोण मागे हे गावानुसार बदलते. यांपैकी बीटा-कॅरिओफायलीनवर विशेष लक्ष ठेवा. ते सीबी-२ या कॅनाबिनॉइड ग्राहकावर काम करते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आपल्या तेलात ते भरघोस निघाले, तर त्या ग्राहकाचा रोधक देऊन परिणाम पुसला जातो का हे पाहता येईल, आणि मग प्रबंधात नुसते ‘परिणाम दिसला’ एवढेच राहणार नाही.

मांजलपूरचा वैद्य

निवृत्त महोदयांचा मुख्य मुद्दा मान्य आहे, परंतु त्यात एक भर घालणे आवश्यक वाटते. आपल्या शास्त्रात निर्गुडीचे तेल आहेच; मात्र ते ऊर्ध्वपातनाचे नव्हे. पानांचा स्वरस तिळाच्या तेलात घालून मंद आचेवर पाण्याचा अंश जाईपर्यंत ते सिद्ध करतात. कढईतील तडतड थांबून तेलावर फेस आला, कल्काची, म्हणजे त्यात घातलेल्या वाटणाची, बोटांत वात वळू लागली आणि ती विस्तवावर धरल्यावर चटचट आवाज आला नाही, म्हणजे पाक साधला. या कृतीत उडणारा भाग बराचसा जातो, तेलात विरघळणारा भाग राहतो, आणि ते मुख्यतः बाहेरून चोळायचे असते. रुग्णाला बरे वाटते ते पानामुळे, तिळाच्या तेलामुळे, उष्णतेमुळे की चोळणाऱ्या हातामुळे, हा प्रश्न माझ्यासारख्यालाही पडतो. दुखऱ्या जागी चोळल्याने वेदना दबते, याचे एक स्पष्टीकरण १९६५ पासून वेदनाशास्त्रात ‘द्वार-नियंत्रण’ या कल्पनेने मांडलेले आहेच.

म्हणून माझी सूचना अशी की, तोंडावाटे देण्याऐवजी त्वचेवर लावण्याचा मार्ग धरावा आणि चार गट ठेवावेत: बाष्पनशील तेल, सिद्ध निर्गुडी तेल, पानांचा काढा आणि नुसते तिळाचे तेल. मग परंपरेविषयी काहीतरी बोलण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल.

निवृत्त औषधशास्त्री

वैद्यराज, कल्पना उत्तम आहे, पण एका विद्यार्थिनीच्या एका वर्षात ती बसत नाही. चार द्रव्ये, प्रत्येकी तीन मात्रा, त्यावर मानक औषधाचा गट आणि वाहकाचा, म्हणजे द्रव्य ज्यात मिसळून देतात ते नुसतेच दिलेला, गट, आणि हे सर्व तीन चाचण्यांत. प्राण्यांची संख्या कोठे जाईल याचा अंदाज आपणास आहेच. कमीत कमी प्राणी वापरण्याचे तत्त्व १९५९ मध्ये मांडले गेले आणि आज समितीत बसलेला प्रत्येक सदस्य अर्ज उघडताच तेच पाहतो. उंदीर-रॅटसारख्या लहान प्राण्यांचे अर्ज संस्थेतील समितीच मंजूर करते, केंद्राकडे धाव घ्यावी लागत नाही, ही सोय आहे. पण म्हणून ती समिती सैल असते असे समजू नये. गटात सहा प्राणी का, याचे उत्तर ‘सगळे सहाच घेतात’ असे देऊ नका. पूर्वीच्या मोजणीतील विचलन घेऊन संख्या काढून दाखवा.

त्वचेवर लावण्याबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत आहे, एका अटीवर. उंदीर अंगाला लावलेले काहीही चाटतो. लावलेल्या तेलाचा किती भाग त्वचेतून गेला आणि किती पोटात, हे कळेनासे होते. कानाच्या पाळीला क्रोटन तेलाने सूज आणून तिच्यावर औषध लावण्याची पद्धत आहे. तेथे स्वतःच्या जिभेचा त्रास नाही, मात्र पंजाने कान पुसून पंजा चाटणे उरतेच, म्हणून उंदीर काही तास वेगवेगळ्या पिंजऱ्यांत आणि नजरेखाली ठेवावे लागतात. दोनच द्रव्ये घ्या: बाष्पनशील तेल आणि त्याच पाल्याचे ऊर्ध्वपातन झाल्यावर चंबूत उरलेले गाळलेले पाणी. ते पाणी सगळेजण ओतून देतात. आजींच्या पातेल्यातल्या काढ्याला सर्वांत जवळचे द्रव्य तेच आहे आणि त्यासाठी वेगळा पाला तोडावा लागत नाही.

रावपुऱ्याची रेवा

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मार्गदर्शक प्राध्यापकांशी बोलून मी आराखडा असा बदलला आहे. अल्ब्युमिनची आणि तप्त पट्टीची चाचणी वगळली. तीव्र विषाक्तता आणि रोटारॉड आधी, नंतर उंदरांवर फॉर्मेलिन आणि रॅटवर कॅरॅजिनन. बाष्पनशील तेल आणि चंबूतील गाळलेले पाणी अशी दोन द्रव्ये, प्रत्येकाच्या दोन मात्रा. पाणी आटवून त्यातील घन भागाच्या वजनावर त्याची मात्रा ठरवणार आहे. तेलासाठी ट्वीन ८० चा आणि पाण्यासाठी नुसत्या पाण्याचा असे वाहकाचे दोन गट राहतील. विषयाच्या शीर्षकातून ‘पारंपरिक वापराची सिद्धता’ हे शब्द काढले आहेत. प्राध्यापकांना ते सोडताना थोडे जड गेले.

एक शंका उरली आहे. फॉर्मेलिननंतर चाटण्याचा वेळ मोजणाऱ्याला प्राणी कोणत्या गटातला हे माहीत नसावे, असे नियम सांगतात. पण निर्गुडीचा वास असा आहे की खोलीत शिरताच कळते. मग ते कसे लपवायचे?

नळी आणि ज्योत

लपवता येणार नाही. वाट काढता येईल. मात्रा एकाने द्यावी, चित्रीकरण दुसऱ्याने करावे, आणि चाटण्याची सेकंदे तिसऱ्याने, दुसऱ्या खोलीत बसून, संकेतांक घातलेल्या चित्रफिती पाहून मोजावीत. चित्रफितीला वास येत नाही.

निवृत्त औषधशास्त्री

अगदी बरोबर, आणि याच वासाची दुसरी बाजूही पाहावी. तेल दिलेले आणि न दिलेले उंदीर एकाच खोलीत ठेवले, तर न दिलेल्यांनाही दिवसभर ती वाफ हुंगायला मिळते आणि आपला नियंत्रण गट पूर्ण कोरा राहत नाही. तेलाचा गट वेगळ्या खोलीत ठेवावा, किंवा एका दिवशी एकच गट घ्यावा आणि मध्ये खोली हवेशीर होऊ द्यावी. दुसरा मार्ग घेतला तर वाहकाचा गट पहिल्या दिवशी उरकून न टाकता गटांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा आणि प्रत्येक गटाचे निम्मे-निम्मे प्राणी दोन वेगळ्या दिवशी घ्यावेत. हे सर्व अर्जातच लिहा. समितीत कोणीतरी विचारेलच, आणि अर्ज एकदा परत आला की पुढच्या बैठकीपर्यंत आपले तेल शीतपेटीत पडून राहील.